शेवटचं बटण

सोयाबीनचा भुसा उडायला लागला की माझी मान खाजायला लागते. लातूरहून नांदेडला जाताना चाकूर मागं पडलं की अर्धा रस्ता गाड्यांचा आणि अर्धा सोयाबीनचा होतो. लोकांनी डांबरावर ताडपत्र्या अंथरून माल वाळत घातलेला असतो, कडेनं दगड मांडलेले असतात, आणि एसटीचा ड्रायव्हर पुटपुटत त्याला वळसा घालतो. शेताशेतात हडंबे चालू असतात. मळणीयंत्राला आमच्याकडं हडंबा म्हणतात, आणि त्याचा आवाज एकदा ऐकला की हे नाव का पडलं ते कुणाला विचारावं लागत नाही. खिडकी लावावी तर जीव उकडतो, उघडावी तर सगळा भुसा अंगावर. दसरा-दिवाळीच्या मधले हे सुगीचे दिवस लोकांना आवडतात. मला ह्या दिवसांत एका जागी बसवत नाही.

डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळी दिली आहे. गोळीनं मान थांबते, बाकीचं थांबत नाही. आज सकाळपासून मी तीनदा पाणी प्यायला उठले, एकदा उगाच जिन्यावरून खाली जाऊन आले, आणि कॉम्प्युटरसमोर बसून टेबलाखाली पाय हलवत राहिले. आई म्हणायची, बसल्या बसल्या पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी जाते. आमच्या घरात लक्ष्मी कधी फारशी बसलीच नाही, त्यामुळं मी बिनधास्त हलवते.

मी लातूरच्या एमआयडीसीत एका कंपनीची वेबसाइट बघते. बघते म्हणजे बनवते, दुरुस्त करते आणि बंद पडली की बोलणी खाते. कंपनी सोयाबीनचं बियाणं आणि तेल विकते. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. कपाळाला भस्म, अंगात पांढरा शर्ट, आणि कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर, 'करून टाक की मग.' माणूस वाईट नाही. घाई मात्र भयंकर.

तीन वर्षांपूर्वीच्या सुगीत बाहेरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अप्पांना कळवलं की तुमची वेबसाइट अंध, अपंग, सगळ्यांना वापरता आली पाहिजे, मग पुढचं बोलू. अप्पांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"आंधळ्या मानसाला तेल घ्यायला वेबसाइट कशाला लागती गं? वासावरनं घेतंय की ते."

"अप्पा, त्यांना बिलही भरायचं असतं, तक्रारही करायची असते, नोकरीही हवी असते."

"बरं बरं. करून टाक की मग. दसऱ्याला नारळ फोडू."

दसऱ्याला पंधरा दिवस होते. तेव्हा मला ह्या कामातलं किती कळत होतं, ते आता सांगायची लाज वाटते. अक्षरं मोठी करायचं एक बटण, कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र, की झाली वेबसाइट सगळ्यांची, अशी माझी समजूत होती. त्यातून आमच्या वेबसाइटवर शब्द असे नव्हतेच. सगळी चित्रंच. गावात फ्लेक्स बनवणारा गजानन आमची जाहिरात, भावपत्रक, शुभेच्छा, निधनवार्ता, सगळं एकाच हातानं फ्लेक्ससारखं बनवून द्यायचा आणि मी ते जसंच्या तसं वर चढवायची. बियाणं किती खोल पेरायचं हीसुद्धा एका चित्रावर काढलेली अक्षरं. डोळे असलेल्याला ती वाचता येतात. ज्याचा फोन त्याला पडद्यावरचं बोलून दाखवतो, त्याच्यासाठी तिथं काहीच नसतं.

हे मला मेहराजनं दाखवलं.

मेहराज नांदेडची. जन्मापासून दिसत नाही. तिथल्या एका खाजगी दवाखान्यात ती अकरा वर्षं टेलिफोनवर होती. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी लातूरहून रोज फोन लावायची आणि रोज तिचाच आवाज यायचा. "थांबा ताई, जोडून देते," असं ती म्हणाली की खरंच जोडून मिळायचं. एकदा मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "रडू नका, अम्मांनी आत्ता च्या घेतला." पुढं दवाखान्यानं आपोआप बोलणारं यंत्र बसवलं, मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, आणि मेहराज घरी बसली. तिच्या भावाचं नांदेडच्या इतवारा भागात शिवणकामाचं दुकान होतं, तिथं ती ब्लाउजला हुक लावायची. वेबसाइटचं काम आलं तेव्हा मला दुसरं कुणी आठवलंच नाही.

ती एकटी एसटीनं लातूरला आली. टेबलावर फोन ठेवला आणि आमची वेबसाइट उघडली. फोन इतक्या वेगानं बोलत होता की मला एक अक्षर कळेना. तिनं हसून त्याचा वेग कमी केला. चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण. बटण.

"ताई, घरात आले तर सगळे हायत, पन बोलत कुनीच न्हाई."

मग आम्ही कामाला लागलो. प्रत्येक चित्रामागं त्याचं वर्णन लिहायचं, म्हणजे फोन ते वाचून दाखवतो, एवढं मी गजाननला समजावून सांगितलं. त्यानं एका दुपारीत शंभरेक वर्णनं लिहून दिली. मेहराजनं ती ऐकायला घेतली आणि तिला हसू आवरेना. सोयाबीनच्या शेताच्या फोटोला त्यानं लिहिलं होतं, 'आकर्षक फोटो'. तेलाच्या डब्याला, 'एकदा अवश्य भेट द्या'. आणि अप्पांच्या फोटोला, 'दिलदार मनाचा राजा, गोरगरिबांचे आधारस्तंभ, आमचे प्रेरणास्थान'.

"ह्यात अप्पा दिसतात कसे ते कुठं हाय?" मेहराजनं विचारलं.

गजाननचा चेहरा पडला. "मॅडम, मालकाच्या फोटोखाली 'टक्कल, पांढरा शर्ट' असं लिहू का मी? धंदा करायचाय मला ह्या गावात."

शेवटी मीच सगळी वर्णनं पुन्हा लिहिली. लिहिताना लक्षात आलं की तीन वर्षं रोज बघत असलेल्या फोटोंत काय आहे ते मला सांगता येत नव्हतं. शेतातली बाई काय करतेय? उभी आहे. कशाला उभी आहे? मला ठाऊक नव्हतं. मेहराज शेजारी बसून विचारत राहायची आणि मी चिडायची. तिच्यावर नाही, पण आवाज तिच्यावरच निघायचा. ती म्हणायची, "चिडा तुमी. मी आइकून राहिली." ते दिवस मला अजून हवेहवेसे वाटतात. खिडकीतून तेलगिरणीचा उग्र वास यायचा, पंखा गरम हवा फिरवायचा, डब्यातली भाकरी दोघी वाटून खायचो, आणि रोज संध्याकाळी वेबसाइटचा एखादा कोपरा बोलायला लागायचा.

एक गोष्ट राहिली. अप्पांची हौस म्हणून वेबसाइटवरच्या प्रत्येक अर्जाच्या शेवटचं 'पाठवा' हे बटण आम्ही हिरव्या शेंगेचं केलं होतं. सोयाबीनची गुबगुबीत शेंग. माऊसनं दाबली की उघडायची आणि अर्ज जायचा. दिसायला गोड. पण ते नुसतं चित्र होतं. बोलणारा फोन त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. हे मला दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिसलं. मेहराज तेव्हा नांदेडला परत गेली होती. मी वहीत लिहिलं, 'शेंग – नंतर'. वही मिटली आणि हार आणायला गेले. आमच्याकडं काम सणाच्या अलीकडं होतं नाहीतर पलीकडं, सणाच्या दिवशी फक्त हार.

दसऱ्याला मांडव घातला. अप्पांनी सांगितलं होतं, उद्घाटन त्या नांदेडच्या बाईच्या हस्ते करा. मेहराज मोतिया रंगाचा ओढणी-ड्रेस घालून आली. तिला शाल दिली, श्रीफळ दिलं, फेटा बांधायला कुणीतरी पुढं झालं तेव्हा मी त्याला मागं ओढलं. फोटोवाला म्हणाला, मॅडमचा हात माऊसवर ठेवा. तिनं आयुष्यात कधी माऊस वापरला नव्हता, तिला त्याची गरजच नव्हती. अप्पांनी तिचा हात धरून माऊसवर ठेवला, टाळ्या पडल्या, पडद्यावर झेंडूची फुलं पडली. वेबसाइट तिला वापरता येते का, हे त्या मांडवात कुणीच विचारलं नाही. मीही नाही. बाकीच्यांना प्रश्न सुचला नव्हता. मला उत्तर माहीत होतं.

मग अप्पा माईकवर बोलायला उठले आणि भाषणाच्या भरात म्हणाले, "शेतकऱ्यांच्या फोनला उत्तर द्यायला कंपनी एक मानूस घेनार हाय. वशिला न्हाई, चिठ्ठी न्हाई. अर्ज फक्त वेबसाइटवर. आजपास्नं चौथ्या दिवशी सांजच्याला सहाला बंद."

मेहराजनं माझं कोपर गच्च धरलं. "ताई, हे काम माझं हाय," ती म्हणाली. तिथंच सांगायला हवं होतं, मेहराज, शेवटचं बटण चालत नाही, मी उद्या करते, मग भर. एवढं एक वाक्य. मी म्हणाले, "भर की. तूच येशील बघ."

चार दिवस हातात होते. पहिल्या दिवशी मी सुट्टीला नांदेडला घरी गेले होते. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायचं राहिलेल्या नातेवाइकांकडं गेले. तिसऱ्या दिवशी भावाच्या शेतात मळणी निघाली म्हणून मुदखेडला. लॅपटॉप पिशवीत होता. पिशवी खाटेखाली होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते आणि दर थोड्या वेळानं बघत होते. आळस म्हणावा तर मी दिवसभर पोती शिवत होते. मला वाटतं, चूक आपलीच असली की तिच्यापासून लांब राहायला माणूस दुसऱ्या कुठल्याही कामाला तयार असतो.

चौथ्या दिवशी दुपारी हडंबा चालू असताना फोन वाजला. मेहराज. ती का फोन करतेय ते मला कळलं. कळलं म्हणूनच मी तो उचलला नाही. पुन्हा आला, मी कापला. थोड्या वेळानं पुन्हा आला, पुन्हा कापला. मनात म्हटलं, ह्या आवाजात काय बोलणार, संध्याकाळी निवांत लावू. भुसा मानेवर, डोळ्यांत, तोंडात. चौथा फोन पूर्ण वाजून आपोआप थांबला.

सहा वाजून गेल्यावर मी लावला.

"मेहराज, अगं हडंबा चालू होता. ऐकूच आलं नाही."

तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "दोनदा रिंग मधेच कापली, ताई. आइकू न आलेला फोन आपोआप कापत न्हाई."

तिनंच सांगितलं, तिच्या टेलिफोनवरच्या शांत आवाजात. "सगळा अर्ज भरला. नाव भरलं, अनुभव भरला. शेवटचा सवाल हाय, 'तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?' ते बी लिवलं. त्याच्या पुढं फोन डायरेक म्हनतो, 'सर्व हक्क राखीव'. मधे कायच न्हाई. मी पुन्हा मागं जाऊन राहिली, पुन्हा पुढं येऊन राहिली. दुपारी बारापास्नं सहापत्तर."

"घरात कुणाला तरी दाबायला सांगायचंस गं," मी म्हणाले, आणि म्हणताना ते किती ओंगळ आहे ते कळलं.

"भाऊ म्हनला, मी दाबतो. मी म्हनलं नको. अर्ज त्यानं दाबला, तर नोकरीत बी रोज त्यालाच घेऊन जाऊ का?"

दुसऱ्या दिवशी लातूरला येऊन मी ती शेंग काढली आणि साधं बटण लावलं. चाळीस मिनिटं लागली. त्यात माझा चहापण झाला. ही चाळीस मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. अवघड काम असतं, महिना लागणार असता, तर मी स्वतःला माफ केलं असतं.

अप्पांकडं गेले. त्यांना म्हणाले, मेहराजचा अर्ज वेळेत पोचला नाही. का पोचला नाही ते सांगितलं नाही. अप्पा फोनवर होते, त्यांनी हातानंच विचारलं काय झालं, आणि मग म्हणाले, "तारीख मी भर मांडवात सांगितली, मंजू. आता फिरवली तर लोक तोंडात शेन घालतील. पन आपलीच बाई हाय ती. बसव तिला कोपऱ्यात खुर्ची टाकून. पगार देऊ काहीतरी. काम न्हाई केलं तरी चालंल."

मी हे मेहराजला कळवलं. ती चिडेल असं वाटलं होतं, चिडली नाही. "शाल ठीक हाय, थंडीत कामाला येईल," ती म्हणाली. "खुर्ची नको. काम नसलेली खुर्ची लई टोचती." फोनच्या कामाला चाकूरची एक मुलगी लागली. मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बोलायची गोड, पण शेतकरी जरा लांबण लावायला लागला की म्हणायची, "मुद्द्याचं सांगा." ते ऐकलं की मी उठून पाणी प्यायला जायची.

पुढच्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली, तिला धीटपणा म्हणायचं की निगरगट्टपणा, मला ठरवता आलेलं नाही. मी मेहराजला म्हणाले, बटण बदललंय, चालतं का एकदा बघशील? दुसरं कुणी होतंच कोण बघायला? ती 'बरं' म्हणाली. मला वाटलं नावाच्या जागी अबक लिहून एकदा दाबून बघेल. तासाभरानं माझ्या मेलमध्ये पूर्ण अर्ज येऊन पडला. नाव, पत्ता, दवाखान्यातली अकरा वर्षं, सगळं पुन्हा भरलेलं. ज्या जागेवर माणूस लागून चार दिवस झाले होते, त्या जागेसाठी. तुम्हाला ही नोकरी का हवी आहे? 'माणूस काय बोलतो त्याच्या आधी त्याला काय झालं ते मला समजतं. मी कुणाचा फोन कापत नाही. मला काम पाहिजे.'

फोनवर तिनं एवढंच सांगितलं, "चालतंय बटण."

बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या माणसांनी वेबसाइट तपासली आणि पास केली. अप्पांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून केबिनमध्ये लावलं, दर दसऱ्याला त्याला हार घालतात. माझंही नाव झालं. नांदेडच्या एका कॉलेजनं ह्या विषयावर बोलायला बोलावलं, मी गेले, टाळ्या घेतल्या, शाल घेतली. आता कुठलीही वेबसाइट हातात आली की आधी पडदा काळा करते, माऊस खणात टाकते आणि कानानं शेवटापर्यंत जाऊन बघते. लोकांना वाटतं मी फार मन लावून काम करते. मेहराजशी बोलणं तुटलं नाही. ईदला मी फोन करते, दिवाळीला ती करते. भावाच्या दुकानात आता ती फोनवरच्या ऑर्डरी घेते. त्या अर्जाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तो माझ्या मेलमध्ये होता. मी तो कुणाला पुढं पाठवला नाही आणि पुसलाही नाही.

आणि आता पुन्हा सुगी. चाकूरच्या मुलीचं लग्न ठरलंय, ती पुण्याला चाललीय. आज सकाळी अप्पा माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "मंजू, फोनला मानूस पाहिजे. वेबसाइटवर जाहिरात टाक. चार दिवस दे." म्हणून हे तीनदा पाणी आणि हा जिना.

दुपारी मी मेहराजला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला तिनं. आवाज तसाच. मी जागेचं सांगितलं, तारीख सांगितली, बटण मी स्वतः सकाळी तपासलंय हेही सांगितलं. एका दमात बोलले. शेवटी म्हणाले, "उद्यापर्यंत अर्ज भर."

"परत?"

"हो."

"ताई, माझा अर्ज पोचला होता ना तुमच्याकडं?"

"पोचला होता."

"मग मी परत कशाला भरू? उत्तर तुमचं यायचं राहिलंय."

तिनं फोन ठेवला नाही. मागं शिवणयंत्र चालू होतं, ते मला ऐकू येत होतं. ती थांबली होती. मी म्हणाले, "थांब, ठेवू नकोस." फोन तसाच चालू ठेवून अर्जाची प्रिंट काढली आणि अप्पांच्या केबिनमध्ये गेले. अप्पांनी चष्मा लावला. सावकाश सगळं वाचलं, शेवटचा सवाल दोनदा वाचला, मग वरची तारीख बघितली.

"हे तर तीन सालामागलं हाय," ते म्हणाले. "इतके दिवस कुठं होतं?"

मी फोन त्यांच्या टेबलावर ठेवला, तिला ऐकू जाईल असा.

"माझ्याकडं," मी म्हणाले.